मुंगी हत्तीएवढी कां होत नाहीं?

या लेखाचा आरंभ आम्हांस स्वतःच्या एका चुकीच्या कबुलीनें करावा लागत आहे. कित्येक वर्षें सृष्टिशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांस मोठ्या उत्साहानें असें सांगत आलों कीं, मुंगी आपल्या वजनाच्या अनेकपट ओझें सहज उचलते. तेव्हां ती माणसाएवढी असती, तर भरलेली बैलगाडी डोक्यावर घेऊन तिनें बाजार गांठला असता. पिसू माणसाएवढी असती, तर तिनें एका उडींत प्रार्थनामंदिराचा मनोरा ओलांडला असता. मुलें हंसत, माना डोलावीत, आणि आम्हांसहि धडा रंगल्याचें समाधान वाटे.

एके दिवशीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, मुंगी जर इतकी बलवान, तर ती मोठी कां झाली नाहीं? हत्तीएवढी मुंगी जगांत एकहि कां नाहीं?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हतें. "उद्यां सांगतों" असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. त्या रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों, आणि हिशेब मांडतां मांडतां आमच्या लक्षांत आलें कीं, इतकीं वर्षें आम्ही मुलांस जें सांगत होतों तें साफ चुकीचें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर तसें कबूल केलें. तोच हिशेब आज येथें विस्तारानें देत आहों. कारण ही समजूत पुष्कळ शिकलेल्या घरांतूनहि आढळते, आणि तिच्या पोटीं जी चूक आहे ती केवळ मुंगीपुरती नाहीं.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. साबणाच्या वडीचा एक सेंटीमीटर बाजूचा घन कापा. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर, आणि घनफळ १ घन सेंटीमीटर. आतां ओल्या मातीचा दहा सेंटीमीटर बाजूचा घन करा. बाजू दसपट झाली; पृष्ठफळ ६००, म्हणजे शंभरपट झालें; परंतु घनफळ १,०००, म्हणजे हजारपट झालें. यावरून नियम असा निघतो कीं, कोणतीहि वस्तु तिची ठेवण न बदलतां मोठी केली, तर तिची लांबी ज्या पटीनें वाढते त्या पटीच्या वर्गानें तिचें पृष्ठफळ वाढतें, आणि घनानें तिचें वजन वाढतें. वजन नेहमीं पुढें धांवतें. पृष्ठफळ मागें राहतें.

गॅलिलिओनें सन १६३८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा नियम हाडांस लावून दाखविला. प्राणी मोठा व्हावयाचा तर त्याचीं हाडें नुसतीं लांब होऊन भागत नाहीं. तीं प्रमाणाबाहेर जाड व्हावीं लागतात. शेळीचा पाय आणि हत्तीचा पाय डोळ्यांपुढें आणा, म्हणजे हें पटेल. पुढें सन १९२६ मध्यें जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञानें प्राण्यांच्या योग्य आकारमानाविषयीं एक निबंध लिहिला व हा विषय सामान्य वाचकांपर्यंत पोंचविला. हे गृहस्थ सन १९५७ मध्यें भारतांत येऊन राहिले, येथील नागरिक झाले, आणि सन १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारले.

आतां आमची मुंगी पाहूं. स्नायूचें बळ त्याच्या लांबीवर नव्हे, तर जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतें. पांच मिलीमीटर लांबीची व पांच मिलिग्रॅम वजनाची एक मुंगी घेऊं. ती आपल्या वजनाच्या वीसपट, म्हणजे १०० मिलिग्रॅम ओझें उचलते असें धरूं. तिची लांबी ३०० पट केली, तर ती दीड मीटर होईल. तिचें बळ ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० पट वाढेल. अर्थात् ती ९ किलोग्रॅम ओझें उचलील. परंतु तिचें वजन आणखी एकदां ३०० नें गुणलें जाऊन २,७०,००,००० पट वाढेल, म्हणजे १३५ किलोग्रॅम होईल. एकशें पस्तीस किलोंची ही राक्षसी मुंगी, आणि तिची शक्ति जेमतेम नऊ किलोंची! बैलगाडी दूरच राहिली. तिचे सहा पाय तिचें स्वतःचेंच अंग भुईवरून उचलूं शकणार नाहींत. मुंगी लहान असूनहि बलवान आहे, असें आम्ही म्हणत असूं. खरें पाहतां ती लहान आहे म्हणूनच बलवान आहे.

पिसूचेंहि तसेंच. उडीसाठीं लागणारी शक्ति स्नायूंच्या घनफळाच्या प्रमाणांत मिळते; आणि जें अंग उंच फेकावयाचें त्याचें वजनहि त्याच प्रमाणांत वाढतें. म्हणून प्राणी मोठा झाला तरी त्याच्या उडीची उंची त्या मानानें वाढत नाहीं. पिसू आज सुमारें वीतभर उंच उडते. तिला माणसाएवढी केली, तरी मनोरा ओलांडणें तिला साधावयाचें नाहीं. अंगणाच्या कुंपणापाशींच तिची परीक्षा होईल.

परंतु केवळ बळाच्या हिशेबानें सर्व उलगडा होत नाहीं. हत्ती मोठा होऊं शकला, मग कीटकासच मर्यादा कां? याचें उत्तर त्याच्या शरीररचनेंत आहे. आपलीं हाडें मांसाच्या आंत असतात. कीटकाचा सांगाडा बाहेर असतो. कायटिन नांवाच्या चिवट द्रव्याचें कवच हेंच त्याचें हाड, हीच त्याची कातडी आणि हेंच त्याचें चिलखत. लहान शरीरास अशी रचना फार सोयीची. तितक्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षां पोकळ बांबू वांकविण्यास कठीण, हें आपण जाणतोंच. कीटकाचा पाय म्हणजे एक लहानसा बांबूच होय.

या चिलखतांत एक अडचण आहे. तें एकदां कठीण झालें म्हणजे वाढत नाहीं. आंतील शरीर वाढूं लागलें कीं जुनें कवच फोडून बाहेर यावें लागतें, यालाच कात टाकणें म्हणतात. स्वयंपाकघरांत कधीं कधीं पांढरेंशुभ्र झुरळ दिसतें. तें निराळ्या जातीचें नसतें. नुकतीच कात टाकलेलें तेंच नेहमींचें झुरळ असतें. नवें कवच कठीण व काळसर होईपर्यंत कांहीं तास त्यास धड पळतां येत नाहीं व स्वतःचें रक्षणहि करतां येत नाहीं. अंग हलकें असल्यामुळें तें मऊ कवच त्याचा आकार सांभाळूं शकतें. तेंच झुरळ बकऱ्याएवढें असतें, तर कात टाकतांच आपल्या भारानें ओल्या मडक्याप्रमाणें खचून गेलें असतें. याच्या उलट, समुद्रांत पाणी शरीराचा भार पेलतें. म्हणून तेथें कवचधारी प्राणी पुष्कळ मोठे होतात. जपानच्या समुद्रांतील एका खेकड्याच्या पसरलेल्या पायांची लांबी साडेतीन मीटरांहून अधिक भरते.

दुसरी मर्यादा श्वासाची. आपण फुप्फुसांत हवा घेतों, आणि तेथून प्राणवायु रक्ताच्या द्वारें अंगभर पोंचतो. बहुतेक कीटकांचें रक्त हें काम करीत नाहीं. त्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस बारीक छिद्रें असतात; त्यांतून हवा आंत शिरते व नळ्यांच्या जाळ्यांतून, फांदीस फांदी फुटत जावी तशी, थेट प्रत्येक स्नायूपर्यंत जाते. एखादा नाकतोडा हातांत न धरतां नुसता निरखून पाहा. त्याचें पोट भात्याप्रमाणें हलतांना दिसेल. परंतु नळ्यांच्या अगदीं शेवटच्या टोंकांत हवा ढकलली जात नाहीं. प्राणवायु आपोआप पसरत जातो. या पसरण्याची एक अट आहे. अंतर दुप्पट झालें तर वेळ चौपट लागतो, आणि अंतर दसपट झालें तर वेळ शंभरपट लागतो. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग या शास्त्रज्ञानें सन १९२० मध्यें गणित करून दाखविलें कीं, लहान शरीरास अशा पसरण्यानें प्राणवायु पुरेसा मिळतो. अर्थात् मोठ्या शरीरास तो मिळण्यासाठीं नळ्या अधिक रुंद हव्यात. सन २००७ मध्यें अमेरिकेंतील आर्गॉन येथील प्रयोगशाळेंत क्ष-किरणांच्या साहाय्यानें लहानमोठ्या चार जातींच्या भुंगेऱ्यांचीं शरीरें तपासण्यांत आलीं. तेव्हां असें दिसलें कीं, भुंगेरा जसजसा मोठा, तसतसा त्याच्या अंगाचा अधिकाधिक भाग या नळ्यांनींच अडविलेला असतो, आणि ही गर्दी पायाच्या सांध्याशीं विशेष होते. ज्या घरांत वाटाच इतक्या रुंद कीं राहावयास खोली उरत नाहीं, तें घर आणखी किती वाढवावें?

येथें कोणी म्हणेल कीं, पूर्वीं मोठे कीटक होते. हें खरें आहे. फ्रान्समधील कोमांत्री येथील कोळशाच्या खाणींत चतुराच्या जातीशीं जवळचें नातें असलेल्या एका प्राचीन कीटकाचे अवशेष सांपडले. शार्ल ब्रोंन्यार यानें सन १८८५ मध्यें त्यास मेगान्यूरा असें नांव दिलें. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारें ६५ सेंटीमीटर होती, म्हणजे कावळ्याच्या पंखांपेक्षां फारशी कमी नव्हे. तो सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वीं जगत होता. आज हवेंत प्राणवायु शेंकडा २१ आहे. त्या काळीं तो शेंकडा ३० च्या आसपास असावा असा अंदाज आहे. हवाच सकस असल्यामुळें मोठ्या शरीरास श्वास पुरत असे, असें पुष्कळ शास्त्रज्ञांचें मत आहे. सर्वांस तें मान्य नाहीं. सन २०१२ मध्यें दहा हजारांहून अधिक प्राचीन पंखांचीं मापें एकत्र केलीं गेलीं, तेव्हां दुसरीहि एक गोष्ट पुढें आली. पक्षी आकाशांत उडूं लागल्यानंतरच्या काळांत प्राणवायु वाढला तरी कीटक मोठे झाले नाहींत. मोठा, जड, सावकाश वळणारा कीटक पक्ष्याच्या चोंचींत आधीं सांपडतो. लहान व चपळ निसटतो. म्हणजे आकारमानाचा निर्णय केवळ अंगाच्या ठेवणीनें होत नाहीं, शेजाऱ्यांच्या भुकेनेंहि होतो.

याचा जिवंत पुरावा न्यूझीलंडमध्यें आहे. तेथें वेटा नांवाचा नाकतोड्याच्या कुळांतील कीटक आढळतो. त्याच्या सर्वांत मोठ्या जातीची, अंड्यांनीं भरलेली एक मादी ७१ ग्रॅम भरल्याची नोंद आहे. म्हणजे दोन चिमण्यांहून अधिक. माणूस तेथें जाण्यापूर्वीं त्या देशांत वटवाघळांखेरीज जमिनीवरचा सस्तन प्राणीच नव्हता. म्हणून वेट्याचें मोठेपण निभावलें. पुढें गलबतांबरोबर उंदीर व मांजरें आलीं, आणि ही सर्वांत मोठी जात मुख्य भूमीवरून नाहींशी होऊन एका बेटावर तेवढी उरली. अलीकडे शास्त्रज्ञांनीं ती तेथून इतर सुरक्षित बेटांवर नेऊन वाढविली आहे. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतहि अ‍ॅटलास नांवाचा पतंग पंख पसरले असतां सुमारें २५ सेंटीमीटर भरतो. परंतु ती सारी ऐसपैस रुंदी कागदासारख्या पातळ पंखांची. अंग मात्र बोटाएवढेंच.

लहानपणासहि सीमा आहे. गांधीलमाशीच्या दूरच्या आप्तांपैकीं एक कीटक अवघा एक पंचमांश मिलीमीटर लांबीचा असतो. मधमाशीच्या मेंदूंत सुमारें दहा लक्ष पेशी असतात. याच्या साऱ्या मज्जासंस्थेंत सुमारें ७,४०० च. जागा वाचविण्यासाठीं त्यांतील बहुतेक पेशी आपलें केंद्रहि टाकून देतात, असें सन २०१२ मध्यें एका रशियन शास्त्रज्ञास आढळून आलें. एवढ्या सामग्रीवर तो प्राणी उडतो, अन्न शोधतो, आणि दुसऱ्या कीटकाचें अंडें नेमकें हुडकून त्यांत आपलें अंडें घालतो. सृष्टिकर्त्याच्या हातच्या या काटकसरीपुढें आमची मति कुंठित होते.

आतां या लहानपणाच्या मोबदल्यांत कीटकास काय मिळालें तें पाहूं. आंब्याच्या शेंड्यावरून पडलेली मुंगी उठून चालूं लागते. कारण वजनाच्या मानानें तिचें पृष्ठफळ मोठें, आणि हवाच तिला हळूहळू खालीं उतरविते. धो धो पावसांत डांस कसा जगतो, याचाहि शोध सन २०१२ मध्यें अमेरिकेंत लागला. पावसाचा थेंब डांसाच्या पन्नासपटांपर्यंत जड असतो. परंतु डांस इतका हलका कीं थेंबास तो अडवीतच नाहीं. थेंबाबरोबर थोडा खालीं जातो व बाजूस निसटतो. जो अडवितो त्यासच आघात बसतो.

याच लहानपणाचा एक तोटाहि आहे. अंग लहान व पृष्ठफळ मोठें, म्हणून अंगांतील पाणी लवकर सुकून जाण्याची भीति. तिला उपाय म्हणून कीटकाच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. म्हणूनच धान्यांतले टोके कोरड्या तांदुळांत महिनेच्या महिने सुखानें राहतात. आपल्या आयाआज्या कडधान्यास राख लावून ठेवितात. कित्येक सुशिक्षित तरुणांस ही जुनी खुळी रीत वाटते. परंतु ती शास्त्रशुद्ध आहे. राखेच्या बारीक कणांनीं तो मेणाचा थर खरवडला जातो व शोषलाहि जातो, आणि कीटक पाण्यावांचून सुकून मरतो. ज्या बाईनें ही रीत प्रथम शोधून काढली तिचें नांव कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. पण कीटकाच्या वर्मावर तिनें नेमकें बोट ठेविलें होतें.

हें वर्म ओळखणें किती महत्त्वाचें, हें आपल्या प्रांतानें फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलें आहे. सन १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. लोक हवेस दोष देत, ओलीस दोष देत, एकमेकांस दोष देत. सन १८९७ मध्यें पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले यांस त्याच रोगानें मृत्यु आला. त्याच्या पुढल्या वर्षीं पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच वैद्यानें कराची येथें प्रयोग करून दाखविलें कीं, उंदीर मरून त्याचें अंग थंड पडलें म्हणजे पिसवा तें सोडून दुसरें ऊबदार अंग शोधतात, व रोग बरोबर नेतात. अनेक वर्षें त्याचें म्हणणें फारसें कोणी मानलें नाहीं. मुंबईंत सन १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनीं तें खरें ठरलें. दोन-तीन मिलीमीटरांचा प्राणी एवढा संहार करवील हें मोठमोठ्यांस खरें वाटेना. मोठ्या संकटाचें कारणहि मोठेंच असलें पाहिजे, असें आपण उगीच धरून चालतों.

डांसाची कथाहि अशीच. सन १८९७ च्या ऑगस्टमध्यें रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले. पुढें डी. डी. टी. हातीं आलें, त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांस सन १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत सन १९५३ मध्यें हिंवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, रोग झपाट्यानें ओसरला, आणि पुष्कळांस वाटलें कीं लढाई जिंकली. परंतु सन १९७६ मध्यें रोग्यांची संख्या पुन्हां सुमारें ६४ लक्षांवर गेली. याचीं कारणें अनेक होतीं. त्यांतील एक हें कीं, डांसांस विष पचूं लागलें होतें. लहान शरीर लवकर वाढतें. उबदार दिवसांत डांस अंड्यापासून पंखांपर्यंत आठदहा दिवसांत पोंचतो. माणसाची एक पिढी होते तोंवर त्याच्या शेंकडों पिढ्या होऊन जातात. प्रत्येक पिढींत जे थोडे विषास टिकतात त्यांचीच संतति पुढें चालते.

तेव्हां पालकांस आमची एक विनंति आहे. जो प्राणी दहा दिवसांत वाढतो, त्यास सात दिवसांतच गांठावें. आठवड्यांतून एक दिवस घरांतील हंडे, रांजण, फुलदाण्या व कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून, आंतून घांसून, कोरड्या कराव्या. घांसणें आवश्यक आहे. कारण डेंग्यू पसरविणाऱ्या डांसाचीं अंडीं भांड्याच्या कडेस चिकटलेलीं असतात व कोरडीं पडूनहि कित्येक महिने जिवंत राहतात. हें काम विद्यार्थ्यांनींच अंगावर घ्यावें. यास पैसा लागत नाहीं. फक्त कीटकाचें वेळापत्रक ठाऊक असावें लागतें.

पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायांत पृथ्वीवरील लहान परंतु शहाण्या प्राण्यांची गणना केली आहे, आणि त्यांत मुंगी व टोळ हे दोन कीटक आहेत. तो अध्याय आम्हीं अनेकदां वाचला होता, अनेकदां शिकविला होता. तरी वर्गांत मुंगीची थोरवी सांगतांना तिला माणसाएवढी केल्यावांचून आमचें समाधान होत नसे. तिला तिच्या मापानें न मोजतां आम्ही आपल्या मापानें मोजीत होतों. हीच चूक आपण घरोघर करतों. शेजारच्या मुलाचे गुण आपल्या मुलावर लावून पाहतों, आणि तो त्या मापांत बसला नाहीं म्हणजे खिन्न होतों. ज्या विद्यार्थ्यानें आम्हांस तो प्रश्न विचारला तो त्या वर्षीं गणितांत व भाषेंत मागेंच होता, आणि कवायतीच्या रांगेंत सर्वांत शेवटीं उभा राही. आमच्या वर्गांत तोपर्यंत कोणीहि, आम्हीं धरून, तो प्रश्न विचारला नव्हता.